छापील किंमत आणि खरी किंमत : ग्राहकशिक्षणाचा एक पाठ

आपल्या शाळांतून ग्राहकशिक्षण म्हणजे बहुधा २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन आणि सहा हक्कांचे पाठांतर. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. परंतु नुकसान ओळखता आले, तरच हक्क वापरता येतो. आणि ते ओळखायला अर्थशास्त्राच्या काही संकल्पना लागतात. नववीच्या वर्गात मी त्या कशा शिकवतो, ते येथे मांडतो.

पहिली संकल्पना एकक-किमतीची. मुले घरातील रिकामी वेष्टने आणतात. समजा, १० रुपयांचा बिस्किटपुडा ८० ग्रॅमचा होता, तो ६५ ग्रॅमचा झाला. छापील किंमत तीच राहिली; पण १०० ग्रॅमचा भाव १२.५० वरून सुमारे १५.४० रुपयांवर गेला. ही २३ टक्के भाववाढ वजनात लपलेली असते.

दुसरी संकल्पना व्याजाची. १२,००० रुपयांचे कर्ज, १२ समान हप्ते, ‘फ्लॅट’ १२ टक्के दर. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२० रुपये. परंतु दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत जाते. त्यामुळे ऋणकोकडे वर्षभर सरासरी ६,५०० रुपयेच असतात. त्यावर १,४४० म्हणजे साधारण २२ टक्के! फळ्यावर हे गणित मांडले की जाहिरातीतला १२ चा आकडा मुले निराळ्या नजरेने वाचतात.

येथे भाषेचा प्रश्न येतो. वेष्टनावरील सक्तीचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियमाला पुरतो. मराठीची सक्ती नाही. कर्जाचे कागद तर बहुतेक इंग्रजीतच. म्हणून मी ‘फ्लॅट रेट’ला ‘मूळ रकमेवरील व्याज’ आणि ‘रिड्युसिंग रेट’ला ‘उरलेल्या रकमेवरील व्याज’ म्हणतो. या नावांतच अर्धा पाठ होतो. ‘वैकल्पिक खर्च’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मात्र मुलांना अडतो. ‘हे घेतले तर काय सोडावे लागेल?’ असे विचारले की तो लगेच कळतो.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. अशा शब्दांची छोटी सूची प्रत्येक शाळेने स्वतः करावी. इंग्रजी शब्द वगळू नये, कारण सही त्याच कागदावर करायची असते. त्याच्या शेजारी अर्थ उलगडणारा मराठी शब्द लिहावा. सूची घरी गेली, की पाठ पालकांपर्यंतही पोचतो. प्रत्यक्ष हप्ते तर तेच भरत असतात.