मुका शुश्रूषक

मराठी भाषेने कुत्र्याला फारसा न्याय दिलेला नाही. कोणाची अतिशय दुर्दशा झाली तर 'त्याचे हाल कुत्रा खाईना' असे आपण म्हणतो. मूळ स्वभाव पालटत नाही हे सांगावयाचे झाले की कुत्र्याच्या शेपटीची व नळीची म्हण पुढे येते. आणि वाईट मरणाला तर आपण कुत्र्याचे मरण म्हणूनच मोकळे होतो. परंतु भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथाही आपलीच आहे, आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही आपल्याच भूमीत आहे. एकाच प्राण्याविषयी इतका तिरस्कार आणि इतकी माया आपल्या मनात एकत्र नांदते, हे नवल खरे. प्रस्तुत लेखात कुत्र्याच्या अशा एका कामाची माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे की, ज्याची ओळख आपल्याकडे अद्याप थोड्यांनाच आहे. ते काम म्हणजे आजारी, दुःखी व भ्यालेल्या माणसांची शुश्रूषा.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. कुत्रा शिकार करतो, घर राखतो, मेंढरे वळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. आंधळ्यांस वाट दाखविण्यासाठीही त्याला तयार करतात. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली, तेव्हा सन १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. हे कुत्रे एकाच माणसाचे साहाय्यक असतात व त्यांचे शिक्षण फार कठीण असते. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते याहून निराळे. त्यांना 'थेरपी डॉग' असे म्हणतात. आपण त्यांना 'शुश्रूषक कुत्रे' म्हणू. हा कुत्रा साधा घरातलाच असतो. तो आपल्या धन्याच्या घरी राहतो, तेथेच खातो, खेळतो व झोपतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी धनी त्याला इस्पितळात, वृद्धाश्रमात किंवा शाळेत घेऊन जातो. तेथे त्याने करावयाचे ते एवढेच की, रोग्याजवळ शांत बसावे व त्याला आपल्या अंगावरून हात फिरवू द्यावा.

एवढ्याने काय होणार, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे सन १९१४ साली दगडाच्या खाणीत एक फार जुनी कबर सापडली. तीत एक पुरुष, एक स्त्री व त्यांच्याबरोबर एक कुत्रा पुरलेला होता. ही कबर सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची आहे. पुढे सन २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कुत्र्याच्या दातांची परीक्षा करून असे अनुमान प्रसिद्ध केले की, ते अवघे सात महिन्यांचे पिल्लू होते व त्याला डिस्टेंपर नावाचा कठीण रोग झालेला होता. हा रोग झालेले पिल्लू, त्याला कोणी पाणी पाजिले नाही, ऊब दिली नाही, स्वच्छ ठेविले नाही, तर थोड्याच दिवसांत दगावते. हे पिल्लू कित्येक आठवडे जगले. त्या अवस्थेत ते शिकारीच्या किंवा राखणीच्या काही उपयोगाचे नव्हते. तरीही कोणीतरी त्याची सेवा केली. कुत्र्याने माणसाची शुश्रूषा केल्याच्या गोष्टी आपण पुढे पाहणारच आहोत. परंतु त्यांच्याही आधी, ज्या काळी शेती नव्हती व गावे नव्हती त्या काळी, माणसाने कुत्र्याची शुश्रूषा केली होती. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे.

आता रुग्णालयांकडे वळू. इंग्लंडातील यॉर्क शहरी विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या सद्गृहस्थांनी सन १७९६ साली मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचे गृह उघडले. त्या काळी वेड्यांना साखळदंडांनी बांधण्याची व मारण्याची चाल होती. ट्यूक यांनी ती सोडून ममतेचा मार्ग धरिला. गृहाच्या अंगणांत ससे, कोंबड्या व समुद्रपक्षी ठेविलेले असत, आणि रोग्यांनी त्यांच्यात रमावे, त्यांची देखभाल करावी, अशी योजना होती. ज्यांच्यावर सारे जग हुकूम चालवीत होते, त्यांना कोणाची तरी काळजी वाहण्याचा अधिकार मिळाला. पुढे रुग्णपरिचर्येच्या आद्य आचार्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही सन १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्यास एखादा लहान पाळीव प्राणी ही उत्तम सोबत होय.

कुत्र्याने हे काम प्रत्यक्ष केल्याची एक प्रसिद्ध हकीगत दुसऱ्या महायुद्धातील आहे. सन १९४४ मध्ये न्यू गिनीच्या रानात एका खंदकात अमेरिकन शिपायांना यॉर्कशायर टेरियर जातीची एक इवलीशी कुत्री सापडली. तिचे वजन अवघे चार पौंड व उंची सात इंच. विल्यम विन नावाच्या शिपायाने तिला विकत घेतले व स्मोकी असे तिचे नाव ठेविले. विनला डेंग्यूचा ताप येऊन तो लष्करी इस्पितळात पडला, तेव्हा त्याचे सोबती स्मोकीला त्याच्या भेटीस घेऊन आले. तिला पाहून आसपासच्या खाटांवरील जखमी शिपायांचे चेहरे खुलले. हे परिचारिकांच्या ध्यानात आले, आणि त्या तिला इतर रोग्यांकडेही नेऊ लागल्या. रात्री स्मोकीने विनच्या पायथ्याशी निजावे व दिवसा परिचारिकांबरोबर फेरीस निघावे, असा क्रम चालला. युद्ध संपल्यावरही विन तिला घेऊन इस्पितळांतून जात असे. सन १९५७ मध्ये ती मरण पावली. शुश्रूषक कुत्र्यांच्या इतिहासात तिचे नाव बहुधा पहिले घेतले जाते.

या गोष्टीस शास्त्राच्या चर्चेत स्थान मिळवून दिले ते न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ डॉ. बोरिस लेविन्सन यांनी. त्यांच्याकडे एकदा एका मुलाला त्याचे आईबाप घेऊन आले. मुलगा स्वतःतच मिटून गेलेला होता, आणि पूर्वीच्या उपचारांनी गुण आलेला नव्हता. ती मंडळी ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आली, म्हणून डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा अजून खोलीतच होता. तो धावत गेला व मुलाला चाटू लागला. आई घाबरून मुलाला दूर ओढणार, तोच डॉक्टरांनी तिला थांबविले. मुलाने कुत्र्याला कवटाळले, आणि घरी जाताना आपण पुन्हा येऊन याच्याशी खेळू इच्छितो असे सांगितले. पुढील काही भेटींत तो केवळ कुत्र्याशीच खेळे. डॉक्टरांकडे त्याचे लक्षही नसे. हळूहळू त्या खेळात डॉक्टरांचा प्रवेश झाला, व मग खऱ्या उपचारास आरंभ झाला. लेविन्सन यांनी सन १९६१ साली विद्वानांच्या सभेत हा अनुभव मांडला तेव्हा काहींनी थट्टा केली, आणि फीपैकी कुत्र्याचा वाटा किती, असेही विचारले म्हणतात. त्यांनी थट्टेकडे लक्ष न देता पुढच्याच वर्षी या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. या हकीगतीत कुत्र्याने रोग बरा केला असे कोणी समजू नये. बंद दार त्याने उघडून दिले; आत जाण्याचे काम वैद्याचेच होते.

शाळेशी ज्याचा संबंध आहे असा एक उपक्रम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. सन १९९९ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे, ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांनी शुश्रूषक कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवावे, असा प्रयोग सुरू झाला, आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. यात हसण्यासारखे काही नाही. वर्गात अडखळत वाचणारा मुलगा आम्ही शिक्षक नित्य पाहतो. त्याला अक्षरे येत नाहीत असे नव्हे; मागच्या बाकावरून हसू ऐकू येईल या धास्तीने ती त्याच्या ओठांवरच अडतात. कुत्रा हसत नाही, चूक काढीत नाही, घड्याळाकडे पाहत नाही. त्याच्यापाशी बसलेल्या मुलाची भीती ओसरते आणि वाचन पुढे सरकते. विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, जे काम एक मुके जनावर करू शकते ते आपण शेजारच्या बाकावर बसून करू शकणार नाही काय?

याचे कारण काय, हेही शास्त्रज्ञांनी शोधून पाहिले आहे. सन २०१५ मध्ये जपानमधील संशोधकांनी असे दाखविले की, कुत्रा व त्याचा धनी प्रेमाने एकमेकांकडे पाहत राहिले असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. आई व तान्हे मूल यांच्यातील ओढीशी ज्याचा संबंध आहे, तेच हे द्रव्य. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांत मात्र असा परिणाम आढळला नाही. त्यापूर्वी सन १९८० साली अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाळीव प्राणी बाळगणाऱ्या ५३ रोग्यांपैकी एका वर्षाच्या आत ३ दगावले; प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. हे आकडे आकर्षक असले, तरी इतक्या थोड्या रोग्यांवरून मोठा सिद्धांत उभारणे योग्य नाही, व पुढील सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आलेले नाहीत. म्हणून, कुत्र्याची सोबत हे औषध नव्हे, औषधाला मिळणारी साथ होय, असे म्हणणेच विवेकाचे ठरेल.

शिवाय प्रत्येक कुत्रा या कामास योग्य असतो असेही नाही. त्याची जात कोणती हे गौण. स्वभाव पाहिला जातो. भांडे पडल्याचा मोठा आवाज झाला, कोणी कुबडी टेकीत जवळ आले, एखाद्या मुलाने शेपटी धरिली, तरी जो बिथरत नाही तोच निवडतात. पेट पार्टनर्स या अमेरिकन संस्थेच्या नियमांप्रमाणे कुत्रा निदान एक वर्षाचा असावा लागतो, आणि दिवसातून दोन तासांपेक्षा अधिक काळ त्याच्याकडून हे काम घेता येत नाही. भेटीपूर्वी त्याला न्हाऊ घालतात, नखे कापतात, लसी टोचल्याची खात्री करून घेतात. ज्या रोग्यास कुत्र्याची भीती वाटते, किंवा ज्याला त्याच्या केसांचा त्रास होतो, त्याच्याकडे त्याला नेत नाहीत. कुत्राही थकतो. तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला किंवा शेपूट पायांत घालू लागला, म्हणजे 'आता पुरे' असे तो सांगत असतो. चांगला धनी तत्काळ त्याला बाहेर नेतो. मुक्याची भाषा ज्याला कळत नाही, त्याने त्याच्याकडून सेवा घेऊ नये.

आपल्या देशातही या कामाचा आरंभ झालेला आहे. मुंबईत काही मानसोपचारतज्ज्ञांनी विशेष मुलांच्या शाळांतून शिकविलेले कुत्रे नेले आहेत. सन २०२३ च्या आरंभी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरही, प्रवासाच्या चिंतेने व्याकूळ झालेल्या उतारूंसाठी असे कुत्रे ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. तथापि आपल्याकडील आईबापांच्या मनात कुत्र्याविषयी जी भीती आहे ती निराधार नाही. रेबीज रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य, आणि त्यात लहान मुलांचे बळी पुष्कळ पडतात. परंतु हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी सन १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून त्याचा प्राण वाचविला, तेव्हापासून हे साधन माणसाच्या हाती आहे. कुत्रा चावला असता जखमेवर चुना, हळद किंवा तिखट लावीत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि डॉक्टर सांगतील तितक्या सर्व लसी वेळेवर घ्याव्या. मार बसेल या भीतीने मूल दंश लपविते व तेथेच घात होतो. म्हणून पालकांनी अशा वेळी रागावण्याचे कटाक्षाने टाळावे.

ज्या घरी कुत्रा आणण्याचा विचार चालला असेल त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. पिल्लू म्हणजे खेळणे नव्हे. ते दहा-बारा वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक काळाचे बंधन आहे. त्याला वेळेवर खाणे, स्वच्छ पाणी, रोजचे फिरणे, दरवर्षीची लस आणि घरच्या माणसांची संगत लागते. जो कुत्रा दिवसभर जिन्याखाली साखळीने बांधलेला असतो, ज्याला येता-जाता मुले डिवचतात, तो भुंकरा व चावरा निघाला तर दोष कोणाचा? ज्याला प्रेम मिळाले नाही तो इतरांस धीर कोठून देणार? शुश्रूषक कुत्र्याचे खरे शिक्षण इस्पितळात होत नाही. ते लहानपणी एखाद्या घरात, एखाद्या मुलाच्या हातून झालेले असते. खाताना त्याला छेडू नका, निजलेला असता दचकवू नका, परक्या कुत्र्याला धन्याच्या परवानगीवाचून हात लावू नका, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारू नका. हे नियम लहान दिसतात. परंतु यांतूनच मुलाचा हात मऊ होतो, आणि मऊ झालेला हात पुढे माणसांच्याही उपयोगी पडतो.

चौदा हजार वर्षांपूर्वी कोणा अज्ञात माणसाने एका आजारी पिल्लाच्या तोंडाशी पाणी धरिले. त्याच्या वंशजांनी ते ऋण आजवर परोपरीने फेडले आहे. आता पाळी पुन्हा आपली आहे, एवढे ध्यानात ठेवावे.