परसबागेच्या वाफ्याला लाकूड कोणतं लावावं?



नदीकाठच्या चिबड, क्षारपड रानात घराशेजारी मेथी-वांगी लावली की मुळ्या कुजतात. म्हणून फळ्यांची चौकट करून त्यात चांगली माती भरण्याकडे आता बऱ्याच जणांचा कल दिसतो. कल्पना उत्तम. परंतु चौकटीला मिळेल ते लाकूड लावलं जातं, त्याबद्दल लिहिणे भाग आहे.

मध्यंतरी उन्हाळ्यात एका सभासदांकडे खोडवा पाहायला गेलो होतो. त्यांनी कौतुकाने वाफे दाखवले. चौकट भंगारातून आणलेल्या रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरची. दुपारच्या उन्हात लाकडातून काळं पाझरत होतं, डांबराचा वास मारत होता आणि त्याला लागूनच कोथिंबीर! अशा स्लीपरला क्रिओसोट पाजलेलं असतं. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारं हे तेल कर्करोगाला कारण ठरतं. वाळवी लागत नाही ती या विषामुळेच. स्लीपर काढा म्हटल्यावर ते नाराज झाले; पैसे गेले होते ना! पण नातवंडं त्याच वाफ्यातली गाजरं उपटून खातात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

हिरवट झाक असलेल्या जुन्या खांबांचंही तसंच. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण लाकडात मुरवण्याची रीत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ साली शोधली. खांबाला ती योग्यच. पण आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, तो हळूहळू मातीत उतरतो. असं लाकूड चुलीतसुद्धा घालू नये. धुरात आणि राखेत सोमल येतो. जुन्या रंगवलेल्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, तीही नकोत. आणि कबूल करतो, पूर्वी रोपवाटिकेतल्या फळ्यांना आम्हीच ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायचो. आता बंद केलं. लावायचंच तर कच्चं जवसाचं तेल लावावं.

मग घ्यायचं काय? सागाचा गाभा सर्वांत टिकाऊ. सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र वाळवी लवकर खाते, आणि कोवळ्या सागात तेच जास्त असतं. नुसतं 'साग आहे' म्हणून घेऊ नका. बांधावरचा साग तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. खर्च झेपत नसेल तर जून बाभळीचा तांबूस गाभा घ्यावा. जुने सुतार बाभळीचे ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवायचे. त्याने लाकडातला पिठूळ अंश कमी होतो व भुंगेरा कमी लागतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण ओल्या मातीत लवकर कुजतात.

फळी दीड इंच जाड असावी, आणि खाली विटांची एक ओळ द्यावी, म्हणजे ती थेट ओलीत बसत नाही. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नका, मधल्या तणापर्यंत दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. स्लीपर काढल्यावर आतली मातीही बदलावी लागते; त्या सभासदांनी ती बदलली, बाभळीची चौकट केली आणि यंदा गाजर पुन्हा पेरलं आहे.