वेदीवरचे लाकूड
धावपळीच्या दिनक्रमात नित्य मनन व प्रार्थना

शास्त्रपाठ : लेवीय ६:८-१३, मार्क १:२१-३९



ख्रिस्ती घरात नित्य प्रार्थनेचा विषय निघाला की "वेळच मिळत नाही" हे वाक्य हमखास कानी येते. ते खोटे असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. लखनौमधील आमची महानगर वसाहतच पाहा. सकाळी सातच्या आत मुलांचे डबे भरून व्हावे लागतात, शाळेची रिक्षा दाराशी येऊन थांबते. कोणी बादशाहनगर स्थानकावरून मेट्रो धरून हजरतगंज वा चारबाग गाठतो, तर कोणी निशातगंजच्या गर्दीतून दुचाकी काढतो. कल्याणहून पहाटेची लोकल धरणाऱ्या बंधूची आणि पुण्यात दोन पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या भगिनीची कथा यापेक्षा फारशी वेगळी नसेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक बाब उभी राहते. येथे रविवारची उपासना हिंदीत किंवा इंग्रजीत होते. मराठी शास्त्रवचन कानी पडण्याचे ठिकाण म्हणजे आपले घर. घरातली ही वेदी थंडावली, तर पुढच्या पिढीसाठी आपले मराठी पवित्र शास्त्र कपाटातील एक जुना ग्रंथ होऊन राहील.

तेव्हा धावपळीच्या जीवनात नित्य एकांत कसा साधावा, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे. याविषयी दोन धोके संभवतात. एक, वेळेअभावी ही सवय सुटून जाणे. दुसरा, ती टिकवता टिकवता तिलाच पुण्यसंचय मानू लागणे. दोहोंचे उत्तर शास्त्रात एकाच ठिकाणी सापडते, असे मला वाटते.

१. अग्नी देवाचा, लाकूड माणसाचे

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात याजकांना आज्ञा आहे की वेदीवरचा अग्नी जळत राहावा, तो विझू नये, आणि याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे घालावीत. आता याच ग्रंथाचा ९:२४ पाहा. वेदीवर अग्नी आला तो परमेश्वरासमोरून निघून आला; अहरोनाने तो पेटवला नव्हता. म्हणजे याजकाकडे अग्नी निर्माण करण्याचे काम कधीच सोपवलेले नव्हते. त्याच्याकडे लाकूड आणण्याचे काम होते.

आपला नित्य एकांत या लाकडासारखा आहे. तारण, क्षमा, पवित्र आत्म्याचे सान्निध्य हा अग्नी होय. तो ख्रिस्ताठायी कृपेने मिळाला. आपल्या पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेने तो विकत घेता येत नाही, म्हणून पुण्यसंचयाची कल्पना येथेच गळून पडते. परंतु कृपा आहे म्हणून लाकूड नको, असेही शास्त्र म्हणत नाही. ज्या देवाने अग्नी पाठवला त्यानेच सकाळचे लाकूडही नेमून दिले.

या भागात आणखी एक बारकावा आहे. लाकूड घालण्याआधी याजकाने रात्रीची राख काढावयाची असे (वचने १०-११). राख साचली की चांगले लाकूडही धुमसते. कालचा राग, कालचा खोटेपणा, कोणाविषयी धरलेली अढी ही आपली राख होय. दिवसाची प्रार्थना पापकबुलीने सुरू करावी असे वडीलधारी मंडळी शिकवत आली, ते यासाठीच.

२. प्रभूचा एक धावपळीचा दिवस

मार्काने कफर्णहूम येथील एका दिवसाचा वृत्तांत दिला आहे. सकाळी सभास्थानात शिक्षण, तेथेच अशुद्ध आत्मा लागलेल्या मनुष्याची सुटका, मग शिमोनाच्या घरी त्याच्या तापकरी सासूला आरोग्यदान आणि सूर्यास्तानंतर दाराशी लोटलेले सारे नगर. आपल्यापैकी कोणाचा दिवस याहून भरगच्च असेल असे वाटत नाही. अशा दिवसानंतर प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतस्थळी गेला व तेथे प्रार्थना करत राहिला (१:३५).

पुढचे वचन अनेकदा दुर्लक्षिले जाते. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधायला निघाले, असे आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद याहून जोरकस आहे. त्यात माग काढत पाठलाग करण्याचा भाव आहे, आणि नव्या करारात ते या एकाच ठिकाणी येते. सगळे लोक तुला शोधत आहेत, असे शिष्य सांगतात. प्रभूचे उत्तर काय? आपण दुसऱ्या गावांना जाऊ, तेथेही मला उपदेश करायचा आहे. कफर्णहूमची मागणी खरी होती, रोगीही खरे होते. तरी पित्याने दिलेले पुढचे काम कोणते, हे त्याला ठाऊक होते.

वाचकहो, येथे आपल्या 'वेळ नाही' या तक्रारीचे मूळ उघड होते. आपला दिवस दुसऱ्यांच्या मागण्यांनी भरतो, कारण त्यांतील कोणती आपल्यासाठी आहे हे ठरवण्याइतके आपण कधी शांत बसतच नाही. मार्थेचे वर्णन करताना लूक जे क्रियापद वापरतो (१०:४०), त्याचा मूळ अर्थ चहूकडून ओढले जाणे असा आहे. एकांत ही कामाच्या वेळेत पडलेली तूट नव्हे. कामाची निवड तेथे होते.

प्रभूची ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. लूक ५:१६ मधील ग्रीक रचना वारंवार घडणाऱ्या क्रियेची आहे. तो एकांती जात असे. गेथशेमानेच्या रात्रीही तो आपल्या रीतीप्रमाणे जैतुनांच्या डोंगरावर गेला, अशी नोंद लूक करतो (२२:३९). संकटाच्या रात्री उपयोगी पडली ती आधीपासूनची सवय.

३. मनन म्हणजे काय?

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो. या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे मांडी घालून, डोळे मिटून तासभर बसलेली व्यक्ती येते. येथील इब्री शब्द 'हागा' हा आवाजाशी निगडित आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी तोच शब्द आला आहे. म्हणजे मनन हे मुखात घोळवणे आहे, हलक्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणणे आहे. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता वचनांविषयी बोलत राहावे, ही आज्ञाही त्याच धर्तीची आहे.

कष्टकरी माणसाला यात केवढा दिलासा आहे! सकाळी दहा मिनिटांत वाचलेल्या भागातून एकच वचन उचलावे आणि ते स्वयंपाक करताना, मेट्रोत उभे असताना, रुग्णालयाच्या रांगेत बसलेले असताना मुखात घोळवावे. वाचन दहा मिनिटांचे, पण मनन दिवसभराचे.

४. दोन सेवकांची उदाहरणे

आमच्या लखनौतच डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ साली लाल बाग येथील मेथडिस्ट मंडळीचे पाळक म्हणून आले. सेवेचा व्याप वाढत गेला आणि आठ-साडेआठ वर्षांत त्यांचे शरीर व मन वारंवार खचू लागले. मायदेशी विश्रांती घेऊन परतल्यावरही तेच घडले. अखेर लखनौत एका सभेत प्रार्थना करत असताना, ज्या कामासाठी मी तुला बोलावले त्यासाठी तू सिद्ध आहेस काय, असा प्रश्न त्यांना अंतर्यामी जाणवला. माझी शक्ती संपली आहे, असे कबूल करून त्यांनी आपला भार प्रभूवर सोपवला. हा अनुभव त्यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या ग्रंथात नमूद केला आहे.

त्या एका संध्याकाळवर ते विसंबून राहिले नाहीत, हे लक्षात घ्यावे. शास्त्रवाचन आणि देवाचे ऐकून घेण्यासाठी राखलेली शांत वेळ हा त्यांच्या दिवसाचा पाया झाला. १९३० साली नैनीतालजवळ सातताल येथे त्यांनी आश्रम स्थापला, तेथेही सकाळच्या शांततेला स्थान दिले. १९३६ चे 'व्हिक्टोरियस लिव्हिंग' व १९४२ चे 'अबंडंट लिव्हिंग' ही त्यांची पुस्तके रोज एक पान वाचण्यासाठीच लिहिलेली आहेत. १९७३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी बरेली येथे ते प्रभूमध्ये निजले. अग्नी एका संध्याकाळी मिळाला, लाकूड मात्र त्यांनी आयुष्यभर वाहिले.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या छायेखाली दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो स्त्रिया व मुली होत्या. त्यांचे अन्न, शिक्षण, आजार, शेती, छापखाना, पत्रव्यवहार या सर्वांचा भार एका स्त्रीवर होता. तरी जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज सकाळी जमणारा एक प्रार्थनागट सुरू केला. त्यात प्रारंभी सुमारे ७० जणी होत्या, आणि त्याच वर्षी मुक्तीत मोठे आत्मिक जागरण झाले. इब्री व ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवण्याचे कामही याच व्यापात चालले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, त्याआधी ते पूर्ण झाले. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. एवढे मोठे काम रोजच्या लहान लहान हिश्श्यांनीच होते, हे या व्यवसायातील प्रत्येक जण जाणतो.

येथे भाषांतरकार, पाळक व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना. ज्याच्या हाती दिवसभर वचन असते, त्याला आपला नित्य एकांत आपोआप झाला असे वाटू शकते. भाकरी भाजणारा भाकरी खातोच असे नाही. दुसऱ्यांसाठी वचन तयार करणे वेगळे, आणि त्या वचनापुढे स्वतः बसणे वेगळे.

५. नित्यक्रम कसा बसवावा?

(अ) वेळ नेमा, आणि थोडीच नेमा. उत्साहाच्या भरात घेतलेला एका तासाचा संकल्प आठ दिवसांत मोडतो. दहा मिनिटांचा टिकतो व पुढे आपोआप वाढतो. रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला तो जोडा, जसे सकाळचा पहिला चहा. ऋतूप्रमाणे वेळ बदलली तरी चालेल. आमच्याकडे जूनमध्ये पहाट हीच काय ती सुसह्य वेळ असते, तर जानेवारीच्या धुक्यात घरातील वृद्धांना रात्रीची वेळ बरी पडते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची सकाळ ती जागी होईल तेव्हा. परमेश्वराच्या मंदिरात रात्रीही सेवक उभे असत (स्तोत्र १३४:१).

(आ) भाग आधी ठरवा. शास्त्र उघडून समोर येईल ते वाचण्यात अर्धा वेळ जातो. एक ग्रंथ क्रमाने घ्या. मार्काचे शुभवर्तमान रोज दहा वचनांप्रमाणे सुमारे सव्वादोन महिन्यांत वाचून होते. रोज एक स्तोत्र घेतल्यास १५० स्तोत्रे पाच महिन्यांत होतात.

(इ) भ्रमणध्वनी दूर ठेवा. त्यावर शास्त्र वाचण्यास हरकत नाही, परंतु संदेशांच्या सूचना बंद करा. दिवसाचा पहिला शब्द कोणाचा ऐकायचा, हे ठरवण्याचा अधिकार अजून आपलाच आहे.

(ई) भार वाटून घ्या. नहेम्या १०:३४ मध्ये वेदीसाठी लाकडे आणण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून घराण्यांना नेमून दिली आहे. कौटुंबिक प्रार्थना एकट्या आईवर का पडावी? एके दिवशी मुलाने मराठी वचन वाचावे, दुसऱ्या दिवशी वडिलांनी प्रार्थना करावी. अडखळत वाचले तरी चालेल. अडखळतच भाषा जिभेवर बसते.

६. दिवस चुकला तर?

दिवस चुकणारच. तान्हे बाळ रात्रभर रडेल, घरात आजारपण येईल, गाडी पकडायची असेल. अशा वेळी अनेक जण दोषभावनेने उद्याही बसत नाहीत, आणि एक चुकलेला दिवस महिना होतो.

मान्न्याचा नियम आठवा (निर्गम १६). तो रोज सकाळी, ज्याला जेवढा हवा तेवढा गोळा करायचा होता. साठवून ठेवलेल्यात किडे पडले. केवळ शब्बाथासाठी राखलेला टिकला. कालचा मान्ना आज चालत नाही, तसेच काल न वेचलेल्याची भरपाई आज दुप्पट वेचून करायची नाही. आजचा आज आहे. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते (विलापगीत ३:२२-२३), ती कालचा हिशोब घेऊन येत नाही.

आणि तान्ह्या बाळाच्या आईला यशया ४०:११ हे वचन द्यावेसे वाटते. तेथे मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो, आणि पाजणाऱ्या मेंढ्यांना सांभाळून हळूहळू नेतो. कळपातील सर्वांना तो एकाच वेगाने हाकत नाही. भगिनी, बाळाला पाजताना ओठांवर आलेले एक वचन हे तुमचे आजचे लाकूड आहे. ते लहान आहे म्हणून वेदी ते नाकारत नाही.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या दिवसातील कोणत्या मागण्या देवाने दिलेल्या आहेत, आणि कोणत्या मी नुसत्याच स्वीकारल्या आहेत?
२. लाकूड घालण्याआधी आज कोणती राख काढली पाहिजे?
३. आमच्या घरात मराठी शास्त्रवचन शेवटचे मोठ्याने कधी वाचले गेले? या आठवड्यात ते कोण वाचील?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, अग्नी तुझा आहे, तो तू कृपेने दिला आहेस. आमच्या थकलेल्या हातांना रोजचे लाकूड आणण्याची आठवण दे, आणि ज्या सकाळी आम्ही रिकाम्या हातांनी येऊ त्या सकाळीही आम्हांला आपल्याजवळ बसू दे. प्रभू येशूच्या नावाने, आमेन.