डोंगर बदलला की सायकल बदलते : माउंटन बाइकचे प्रकार



सातवी-आठवीतल्या मुलाला सायकल घ्यायला दुकानात नेलं की त्याचं बोट हमखास जातं ते जाड टायरच्या, डबल शॉकअपच्या सायकलकडे. दुकानदारही तिला 'एमटीबी' म्हणजे माउंटन बाइक म्हणतो. पण हे एका सायकलचं नाव नाही, ते अख्खं घराणं आहे. घरातला फरक कळला तर पैसे वाचतात आणि वर्गात विज्ञानाचा एक छान तासही होतो.

या घराण्याचं मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. १९७० च्या दशकात तिथले काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड, फुगीर टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी रीतसर शर्यत लावली. अंतर तीन किलोमीटरहून थोडं जास्त, आणि उंचीतला फरक सुमारे ४०० मीटर! पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक, तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. इंग्रजीत याला 'रीपॅक' म्हणतात, तेच त्या शर्यतीचं नाव पडलं.

इथे थांबून फळ्यावर गणित मांडा. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या पाठाला हे उदाहरण फार चपखल बसतं. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा, गुरुत्व त्वरण १० धरा, उंची ४०० मीटर. स्थितिज ऊर्जा झाली ३,६०,००० ज्यूल. लिटरभर पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला साधारण ३,३६,००० ज्यूल लागतात. थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात हे खरं, पण उरलेली बरीचशी त्या मुठीएवढ्या हबमध्ये जायची. धूर का निघायचा, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या सायकली मोडायला लागल्या तेव्हा जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने विक्री सुरू केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजम्पर' कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. पुढे स्वारांच्या आवडी फुटल्या, तशा सायकलीही.

चढ आणि उतार दोन्ही वेगाने मारायचे ते 'क्रॉस-कंट्री'वाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा प्रकार खेळला जातो. यांची सायकल हलकी, शॉकअप साधारण १०० ते १२० मिलिमीटर दबणारा. दुसऱ्या टोकाला 'डाउनहिल'. इथे फक्त खाली यायचं, वर जायला गाडी नाहीतर रोपवे! शॉकअप २०० मिलिमीटरच्या आसपास, सायकल जड, आणि पुढचा फोर्क जास्त तिरका, म्हणजे तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे उलटण्याची भीती कमी. याच सायकलवर चढ चढायला सांगा, दमछाक होईल. मधल्या जागेत 'ट्रेल' आणि 'एन्ड्युरो' येतात. एन्ड्युरोत वर पेडल मारत जायचं, पण वेळ मोजतात मुख्यतः उताराचीच. उड्या मारणारे 'डर्ट जम्प'वाले छोटी, मजबूत सायकल वापरतात आणि मागे शॉकअप सहसा ठेवतच नाहीत. वाळू-बर्फासाठी 'फॅट बाइक', टायर चार इंचांच्या पुढचे.

मागे शॉकअप का नको? कारण पाय मारताना तो दबतो आणि आपल्या कष्टातला थोडा वाटा तिथेच जिरतो. चांगल्या, महागड्या सायकलीत हे कमी करण्याची सोय असते. स्वस्तातल्या डबल शॉकअपमध्ये बहुधा फक्त वजन मिळतं. शाळेच्या डांबरी रस्त्यासाठी मला तरी ती सायकल पटत नाही. त्याऐवजी मागे शॉकअप नसलेली 'हार्डटेल' किंवा सरळ साधी सायकल बघा. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेऊ नका. मूल सीटच्या पुढे फ्रेमवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं की पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, आणि ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचली पाहिजेत. नाव एमटीबी असो वा आणखी काही, या दोन गोष्टी आधी तपासा.

आता वर्गासाठी उपक्रम. हल्लीच्या माउंटन बाइकला पुढे ३२ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५० दात असू शकतात. ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४. पेडलच्या एका फेरीत चाक पूर्ण एकदाही फिरत नाही! चाकाचा परीघ २.३ मीटर धरला तर सायकल जेमतेम दीड मीटर सरकते, पण चढ सोपा होतो. मागे १० दातांचं चक्र लावलं तर तीच फेरी सात मीटरच्या पुढे नेते. मुलांना मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर पाठवा, आपापल्या सायकलचे पुढचे-मागचे दात मोजून वहीत लिहू द्या. मात्र सायकल उभी असतानाच मोजायचं, फिरत्या चेनजवळ बोट न्यायचं नाही. मग विचारा, घाट चढायला वर्गातली कोणाची सायकल घ्याल, आणि का?