एका नळीची कैफियत

देवास,
वैशाख शुद्ध दशमी

चि. बाळ यास,

तुझ्या वडिलांच्या वेळची कार्ब्युरेटरची मारुती 800 उभ्या जागी रेस वर-खाली करते, मधूनच मिसिंग मारते आणि चौकात थांबताच बंद पडते, हे तुझ्या पत्रावरून समजले; त्याचबरोबर मिस्त्रीने नवा कार्ब्युरेटर बसविण्याची तजवीज सुचविली असून तू तीस होकार देण्याच्या बेतात आहेस, हेही कळले. तो होकार तूर्त तहकूब ठेव. तू सांगितलेली लक्षणे कार्ब्युरेटरची असू शकतात, हे मला अमान्य नाही. परंतु तीच लक्षणे इंजिनाच्या डोक्यावरून गेलेल्या, करंगळीहून बारीक अशा एखाद्या रबरी नळीला तडा गेल्यानेही उत्पन्न होतात, आणि महागड्या आरोपीस शिक्षा फर्माविण्यापूर्वी स्वस्त आरोपीची चौकशी करावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आमच्या देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दरबारात 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार महाराज तुकोजीराव पवारांचा खाजगी चिटणीस होता, आणि बागा, टेनिसची पटांगणे, अतिथिगृह यांच्या जोडीला दरबारच्या मोटारींचे खातेही त्याच्याकडे असे. त्यास इंजिनाची कितपत माहिती होती, हा प्रश्न मी येथे काढीत नाही. खाते सांभाळणाऱ्याने स्वतः पाना हाती धरलाच पाहिजे असेही नाही. मात्र खर्चास मंजुरी देण्यापूर्वी ‘काय तपासले आणि काय आढळले’ एवढे विचारण्याइतकी समज त्याच्या ठायी असावी लागते, आणि ती तुझ्या ठायी यावी म्हणून हा प्रपंच.

इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. थ्रॉटलची पाकळी मिटलेली असली म्हणजे त्या ओढीस वाट अपुरी पडते, आणि पाकळीच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या हवेहून पुष्कळ कमी दाब राहतो. हाच व्हॅक्यूम. कारागिराने त्यावर कितीतरी कामे सोपविली आहेत: डिस्ट्रिब्युटरमधील ठिणगीची वेळ पुढे सरकविणे, ब्रेकच्या बूस्टरला बळ देणे, आणि जुन्या काळच्या काही गाड्यांत तर काचेवरचे वायपर हलविणेसुद्धा, जे नेमके चढावर, पाकळी पुरती उघडल्यावर, मंद पडत. आता या नळ्यांपैकी एकीस तडा गेला, की कार्ब्युरेटरने न मोजलेली हवा चोरवाटेने आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळू लागते. मिस्त्री याला ‘इंजिन हवा घेतंय’ म्हणतात, आणि निदान म्हणून ते अगदी अचूक आहे. वेग वाढला, पाकळी उघडली, की आत शिरणाऱ्या एकंदर हवेपुढे ही चोरटी हवा नगण्य ठरते. म्हणूनच पिथमपूरच्या सरळ रस्त्यावर तुझी गाडी निर्दोष वाटते आणि धारच्या चौकात तिची लाज जाते.

तू भोजाच्या धारानगरीत राहतोस, म्हणून सांगतो: अकराव्या शतकातील त्या राजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि उत्तम यंत्राचे गुण मोजताना त्यात सांध्यांची सुश्लिष्टता, शैथिल्याचा अभाव, फाजील घट्टपणाचाही अभाव, आणि जेथे ध्वनी अभिप्रेत नाही तेथे निःशब्दता यांचा समावेश केलेला आहे. रबरी नळी ग्रंथकाराने पाहिली असणे शक्य नाही, तथापि तिची परीक्षा याच गुणांनी करावी लागते.

तेव्हा प्रथम कान लाव. इंजिन चालू ठेवून दीड-दोन हात लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धर आणि दुसरे टोक प्रत्येक सांध्याजवळून, पंख्यापासून व पट्ट्यापासून हात आणि बाही जपून, सावकाश फिरव. जेथे फुसकारा ऐकू येईल तेथे संशयित सापडला. खातरजमेसाठी ती नळी बोटांनी दाबून धर: रेस स्थिरावली, तर पुरावा मिळाला. तडा बहुधा नळीच्या टोकाशी, जेथे ती नळकांड्यावर ताणून बसविलेली असते, तेथेच असतो आणि वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. काही जण मॅनिफोल्डभोवती पेट्रोल शिंपडून रेस बदलते का ते पाहतात. तू ते करू नकोस. तापलेल्या लोखंडावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे निदान नव्हे, आत्मघात आहे. व्हॅक्यूम गेज मिळाल्यास अवश्य लाव. मात्र पुस्तकांतले 18 ते 21 इंच पाऱ्याचे आकडे समुद्रसपाटीचे असतात, आणि आपले माळव्याचे पठार सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे येथे निरोगी इंजिनही दीड-दोन इंच कमीच दाखविते, हे ध्यानात ठेव.

नवी नळी घेताना आतला व्यास जुन्या नळीशी ताडून पाहा आणि दुकानात ‘व्हॅक्यूम पाईप’ असे स्पष्ट मागून जाड भिंतीचीच घे. साधी प्लॅस्टिकची नळी तापली की आतल्या ओढीने चपटी होऊन बसते, आणि मग फुटक्या नळीचा रोग जाऊन बुजलेल्या नळीचा रोग मागे लागतो. काम थंड इंजिनावर करावे. नळ्यांचा नकाशा आधी कागदावर काढून ठेवावा आणि एका वेळी एकच नळी सोडवावी. जुनी नळी चिकटली असेल तर ओढाताण करू नकोस, कारण खालचे प्लॅस्टिकचे नळकांडे मोडले तर चार आण्यांच्या कामाला चाळीस रुपयांचा भुर्दंड पडतो. ती हलकेच पिळावी, आणि तरीही न निघाल्यास पात्याने उभी चिरावी, पण पाते नळकांड्यास लागू देऊ नये. नवी नळी जुनीच्याच लांबीची, टोक सरळ कापलेली असावी. चढविताना लागल्यास पाण्याचा हात लाव, तेल किंवा ग्रीस लावू नकोस, त्याने रबर फुगते. एकीस तडा गेला म्हणजे तिच्या वयाच्या बाकीच्या नळ्याही त्याच वाटेवर आहेत असे समजून त्या सर्व बदलाव्यात. माळव्याच्या रात्री शीतल म्हणून कवींनी कितीही वाखाणल्या, तरी बॉनेटखालच्या रबराला त्या शीतलतेचा लाभ होत नाही. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेण्याचा मोह तर अजिबात धरू नकोस.

एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. गाडी बंद पडू नये म्हणून आजवर कोणी रेसचा स्क्रू पिळून ठेवला असेल, तर नळी बदलताच इंजिन विनाकारण जोरात गरजू लागेल. ते पाहून नवी नळी सदोष ठरवू नकोस, स्क्रू पूर्वस्थितीवर आण.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीस ब्रेकचा बूस्टर असल्यास त्याच्याकडे जाणारी जाड नळी आणि तिच्यातला एकेरी वाटेचा व्हॉल्व्ह ही दोन्ही निर्दोष आहेत, याची शहानिशा केल्याखेरीज धुळ्यास व्हावयाच्या लग्नासाठी निघू नकोस, कारण त्या वाटेवर सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरावा लागतो आणि बूस्टर निकामी झाल्यास ब्रेकला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाब, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू कर, पेडल आपोआप किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास गाडी घरी ठेवून बसने ये.

तुझा,
मामा