चकती ‘सरकली’ म्हणजे काय?

प्रश्न : वय ४२, कचेरीत लेखनिक. दप्तराचा गठ्ठा उचलताना कमरेत उसण भरली. आता कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरते. चकती सरकल्याचे सांगून महिनाभर फळीवर निजण्याचा हुकूम झाला आहे. पाळावा काय?

उत्तर : ‘सरकली’ हा शब्द रूढ असला, तरी चकती फडताळातल्या बशीसारखी जागची हलत नसते, तिच्या तंतुमय कड्याला चीर पडून आतला मऊ गर मागे डोकावतो व पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला डिवचतो, म्हणूनच मूळ दुखणे कमरेत असताना तक्रार मात्र पोटरी गुदरते. हा गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते आणि बहुसंख्य रुग्ण ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. यास्तव तो हुकूम, माझ्या मते, तहकूब ठेवावा. एकदोन दिवसांपलीकडची शय्या स्नायूंना दुर्बल करते. सोसेल तितके चालावे.

रात्रभर आडवे असता चकत्या पाणी शोषून फुगतात (पहाटे आपली उंची सेंटीमीटरभर अधिक भरते ती त्यामुळेच!), आणि अशा ताठरलेल्या चकतीवर, उठल्याबरोबर कमरेत वाकून भरली बादली उचलण्याचा भार सर्वांत जाचक ठरतो. तासभर जाऊ द्यावा. मग बादली असो वा दप्तर, गुडघे मोडून, ओझे पोटाशी धरून उचलावे. विडी ओढत असाल तर सोडावी.

मात्र लघवी तुंबली, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळे पडले, तर माझ्या उत्तराचीही वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.