चीनच्या पत्रमित्राला पहिला ई-मेल

ताई-दादांनो, पत्रमित्राचं नाव आधी वर्गात नीट वाचा. चिनी माणूस आडनाव आधी लिहितो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे 'के दिहुआ' झाले. त्यातलं 'के' हे आडनाव. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव 'यिनहुआ': यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर वारले. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

मुलांच्या वहीत एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही साप खाता का?" तिथे थांबा. शेतातल्या उंदरांवरून आपल्या कातकरी मुलांना शाळेत कसं चिडवतात, हे खांदा कॉलनीच्या वर्गात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याऐवजी "सणाला घरी काय करता?" असं विचारू द्या. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर मिळून ज्याओझ वळतं. आकार करंजीचा, पण उकडलेली. आत बहुधा मांस आणि कोबी. मग आपल्या मुलांनीही तांदळाची भाकरी, पावसाळी रानभाज्या, ओढ्यातले खेकडे, सगळं न लाजता लिहावं.

ई-मेल शिक्षकाच्याच खात्यावरून जावा. मुलांचे फोटो आणि वाडीचा पत्ता पाठवू नये.